लुईव्हिलकरांना नेसरीहून

प्रति,
पदाधिकारी मंडळी,
प्रेस्बिटेरियन चर्च (यू.एस.ए.),
लुईव्हिल, केंटकी.



पत्र मराठीत लिहितो आहे आणि ते मुद्दाम. तुमच्या मंडळींनी शंभरावर वर्षं आमच्या मुलखात मराठीतून शाळा चालवल्या, औषधं दिली, प्रवचनं केली, भांडणंही केली. तेव्हा हे वाचून सांगणारं कुणीतरी तुमच्या ओळखीत अजून असेल, असं धरून चालतो.

नेसरी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं, गडहिंग्लज तालुक्यातलं गाव. आम्हाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. तुमच्या मिशनची मोठी ठाणी कोल्हापूर, कोडोली, सांगली, मिरज, इस्लामपूर आणि घाट उतरून वेंगुर्ले इथे होती. आमच्या वाट्याला त्यातली मिरज आली. दुखणं गावच्या डॉक्टरच्या हाताबाहेर गेलं की जाणती माणसं म्हणत, "मिरजेला न्या." नेणाऱ्याला प्रेस्बिटेरियन हा शब्दही ठाऊक नसे. वानलेसचा दवाखाना एवढंच ठाऊक असे, आणि तेवढं पुरे होई.

मी निवृत्त शाळामास्तर. तुमच्या पंथाचा नाही, तुमच्या पंथावर राग असलेलाही नाही. पत्र लिहायचं कारण तुमचा 2025 मधला निर्णय. परदेशात वर्षानुवर्षं राहून काम करणाऱ्या तुमच्या मिशन-सहकाऱ्यांची पदं तुम्ही त्या वर्षी बंद केलीत. तुमचं परदेशी मिशन मंडळ 1837 मध्ये स्थापन झालं होतं. म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वर्षं चाललेलं काम त्या रूपात संपलं. आमच्याकडची तुमची माणसं त्याआधीच गेली होती, त्यामुळे इथे कुणाच्या घरी चूल विझली असं नाही. पण बातमी वाचल्यावर मनात आलं ते हे की आता ही जागा कोण भरणार? मुक्कामाला येणारे थांबले तरी फेरी मारणारे थांबणार नाहीत. तुमच्या देशातून दर उन्हाळ्यात, दर सुटीत तरुण मुलामुलींचे जथे आठ-पंधरा दिवसांसाठी गरीब देशांत जातात. भिंती रंगवतात, मुलांबरोबर खेळतात, गाणी म्हणतात, फोटो काढतात आणि परत गेल्यावर सांगतात की आम्ही तिथल्या लोकांशी मैत्री केली. ती मुलं खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. दुसऱ्या बाजूला काय वाटतं हे मात्र त्यांना कळायला वावच नसतो. ते कळवावं म्हणून हे पत्र.

घेणाऱ्याच्या जागी बसण्याचा अनुभव आम्हालाही आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत आमच्या जिल्ह्यात महापूर आला. पंचगंगा-कृष्णेच्या काठाचे हाल जगाने टीव्हीवर पाहिले. हिरण्यकेशी आणि घटप्रभेनेही आमच्या बाजूला हात धुवून घेतले. महाराष्ट्रभरातून मदतीचे ट्रक आले. त्यात बिस्किटं होती, पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग. बाई नऊवारी नेसणारी आणि तिच्या हातात आखूड टीशर्ट. देणाऱ्याचा भाव चांगला होता, त्याला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल. पण पुढे कट्ट्यावर बोलणं निघालं की लोकांना आठवतात ते ट्रक नव्हेत. आठवतात ती पोरं, जी घरातला चिखल उपसायला आली, दुपारी त्याच घरची भाकरी मागून खाल्ली आणि "काकू, ठेचा अजून आहे काय?" असं विचारून गेली. त्या काकूंच्या घरात तेव्हा धड काही उरलेलं नव्हतं. पण कुणीतरी आपल्याकडे काहीतरी मागतंय, आपण देऊ शकतोय, याने त्या दिवशी तिला उभं केलं. मदत घेऊन आलेल्या माणसाने काही मागितलंच नाही तर समोरच्याच्या हातात नुसतं उपकाराचं ओझं राहतं.

आता तुमच्याच घरची एक गोष्ट सांगतो. कदाचित तुम्ही ती विसरला असाल.

रॉयल गूल्ड वाइल्डर 1846 मध्ये अमेरिकन बोर्डाचे मिशनरी म्हणून अहमदनगरला आले आणि 1852 मध्ये कोल्हापुरात. पुढे बोर्डाशी त्यांचं बिनसलं. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात फिरून गेले होते. इंग्रजी शाळा आवरा आणि देशी भाषेत उपदेश करा, असा त्यांचा कल. वाइल्डरना शाळा प्रिय. बोर्डाने हात काढून घेतला, तरी हा गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर पुन्हा कोल्हापुरात येऊन राहिला, आणि 1870 मध्ये त्यांचं काम तुमच्या मंडळाने आपल्याकडे घेतलं. तुमचं कोल्हापूर मिशन ते हेच.

वाइल्डरना 1863 मध्ये कोल्हापुरात मुलगा झाला. त्याचं नाव रॉबर्ट. हा कोल्हापूरचा पोरगा पुढे प्रिन्स्टनला शिकायला गेला. 1886 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे ड्वाइट मूडी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचं मोठं शिबिर भरवलं. अडीचशेच्या आसपास मुलं होती. शिबिर संपेपर्यंत त्यातल्या शंभरांनी परदेशी मिशनला जाण्याची शपथ घेतली. त्यामागे बावीस-तेवीस वर्षांच्या रॉबर्टची खटपट होती. पुढच्या वर्षी तो आणि त्याचा मित्र जॉन फोरमन कॉलेजा-कॉलेजांतून सह्या गोळा करत फिरले. फोरमनही लाहोरच्या मिशनऱ्याचा मुलगा. 1888 मध्ये त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ रीतसर उभी राहिली. याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता सांगायची, ही त्यांची घोषणा. पुढच्या अर्धशतकात या चळवळीतून वीस हजारांवर तरुण परदेशी गेले. आज तुमच्याकडे 'व्हॉलंटिअर' म्हणून बॅग भरणाऱ्या मुलांचा वंशवृक्ष मागे मागे नेला तर एक मूळ आमच्या पंचगंगेकाठी सापडतं. कोल्हापुरात कुस्तीची आणि चित्रपटाची परंपरा सांगणारे पुष्कळ भेटतील, ही सांगणारा मला तरी भेटला नाही.

'याच पिढीत' या शब्दांशी मी मात्र अडखळतो. आमच्या गावाजवळची खिंड इतिहासात प्रसिद्ध आहे. 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. खानाला आधी सोडून दिल्याबद्दल शिवाजी महाराजांनी दिलेला बोल त्यांना लागला होता. त्या सातांचा आम्हाला अभिमान आहे, शाळेच्या पोरांना दरवर्षी तिथे नेतो. पण गावातली म्हातारी माणसं हलक्या आवाजात एवढंही बोलतात की राज्याभिषेकाला तीन-साडेतीन महिने उरले असताना महाराजांचा सेनापती गेला. आवेशाने जीव देता येतो. मैत्रीला तो पुरत नाही, कारण तिच्यात समोरच्याच्या वेगाने चालावं लागतं, आणि गरिबाचा वेग हा नेहमी वाट बघणाऱ्याचा असतो. पावसाची वाट, रेशनची वाट, तहसीलदाराची वाट.

तुमच्या चळवळीला ही उणीव बाहेरच्या कुणी दाखवली असं नाही. माउंट हर्मनच्या त्या शंभरांत जॉन मॉट हा एक विद्यार्थी होता. त्याला पुढे 1946 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. 1910 मध्ये एडिंबरा इथे जागतिक मिशनरी परिषद भरली, तिचं अध्यक्षपद याच मॉटकडे होतं. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यांत आशियातली माणसं मोजकीच. त्या मोजक्यांपैकी एक व्ही. एस. अझरिया, तिन्नेवेल्लीकडचे तरुण तमिळ धर्मसेवक. त्यांनी भर सभेत मिशनऱ्यांच्या त्यागाचं कौतुक केलं आणि मग सांगितलं की तुम्ही अन्न दिलंत, जीवही दिलेत, आम्हाला आता मित्र द्या. सभेत चुळबुळ झाली. काहींना राग आला. दोनच वर्षांनी अझरिया दोर्नकलचे बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. म्हणजे त्यांना वर चढवायला मंडळी तयार होती. शेजारी बसवायला तयार होती की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आमच्या मराठीत हा प्रश्न ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी जगून विचारला. मिशनच्या पगारावर त्यांनी वीसेक वर्षं काढली. 1917 मध्ये पगार सोडला, साताऱ्याला राहिले आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. त्यांना ख्रिस्त हवा होता, आणि त्याच्या सोबतीला येणारा साहेब नको होता. दोन वर्षांत ते वारले. पण त्यांच्या विचाराने अहमदनगरचा एक इंग्रज मिशनरी हलला, जॅक विन्स्लो. त्याने 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. देशी कपडे, देशी जेवण, आणि इंग्रज-हिंदी सगळे एका पंगतीला. संघ पुढे पुण्याला आला. 1927 मध्ये ऑक्सफर्डहून तिथे एक तरुण पाद्री दाखल झाला. त्याचं नाव व्हेरियर एल्विन. तो आला होता ख्रिस्ताची सेवा करायला. साबरमतीला गांधीजींना भेटला आणि काँग्रेसच्या बाजूने उभा राहिला. सरकार आणि चर्च दोघांनाही तो नकोसा झाला. 1932 मध्ये तो मंडल्याच्या डोंगरात गोंडांमध्ये राहायला गेला तेव्हा बरोबर एक मराठी ख्रिस्ती तरुण होता, शामराव हिवाळे.

एल्विन पुढे जगप्रसिद्ध झाले. चर्च सोडलं, आदिवासींवर ग्रंथ लिहिले, भारतीय नागरिकत्व घेतलं, पद्मभूषण मिळवलं. हिवाळ्यांचं नाव किती मराठी वाचकांना माहीत आहे? दवाखाना कोण चालवत होतं, पोरांच्या जखमा कोण धूत होतं, हिशेब कोण ठेवत होतं, गावातल्या भांडणात रात्री उठून कोण जात होतं? एल्विन लिहू शकले कारण हिवाळे राबत होते. 'त्या' देशात जाऊन मैत्री करणाऱ्या प्रत्येक प्रसिद्ध माणसामागे असा एक स्थानिक दोस्त असतो, आणि पुस्तकात त्याला ऋणनिर्देशाच्या पानावर जागा मिळते. (हिवाळ्यांनी उलट एल्विनचं चरित्र लिहिलं. ही मोठी गोष्ट आहे.)

एल्विनना मी मानतो, पण त्यांच्या गोष्टीतलं एक पान मला पचत नाही. त्यांनी 1940 मध्ये त्यांच्याच शाळेतल्या एका गोंड मुलीशी लग्न केलं, 1949 मध्ये ते मोडलं. ते पुढे शिलाँगला गेले, मानमरातबात राहिले. ती डोंगरातच राहिली, आणि तिचं आयुष्य हलाखीत गेलं. दोघांच्या नात्यात जिव्हाळा नव्हता असं कोण म्हणेल? पण निघून जाता येणं हे एकाच्याच हातात होतं. तुमच्या पंधरा दिवसांच्या मुलांपासून आयुष्य वाहिलेल्या एल्विनपर्यंत हा एक धागा सारखा आहे. पाहुण्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं. तिकीट फाडा असं मी म्हणत नाही. ते खिशात आहे हे विसरून मैत्रीच्या गप्पा मारू नका, एवढंच.

आता मिरजेकडे येतो, कारण तिथे तुमचं सगळ्यात चांगलं काम उभं राहिलं.

डॉ. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. 1889 मध्ये पत्नी मेरी यांच्यासह ते इकडे आले, आधी सांगलीत बसले, मग मिरजेत. 1894 मध्ये रुग्णालयाची इमारत उघडली. पैसा आला फिलाडेल्फियाचे रेल्वे इंजिनांचे कारखानदार जॉन कॉन्व्हर्स यांच्याकडून, जागा मिरज संस्थानाकडून. मोतीबिंदूपासून पोटाच्या शस्त्रक्रियांपर्यंत त्यांच्या हाताची कीर्ती निजामाच्या मुलखापर्यंत गेली. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांच्याशी स्नेह होता. पण मला यातली महत्त्वाची तारीख 1894 वाटत नाही. 1897 वाटते. त्या वर्षी वानलेसनी इथल्या मुलांना डॉक्टरी शिकवायला सुरुवात केली. एक कसबी सर्जन स्वतः हजारो माणसं बरी करू शकतो, आणि त्याची त्याला चटकही लागू शकते. हातातली सुरी दुसऱ्याच्या हातात द्यायला वेगळं मन लागतं. मिरज आज दक्षिण महाराष्ट्राची आणि उत्तर कर्नाटकाची वैद्यकीय पेठ आहे. एवढे दवाखाने एका लहान शहरात कुठून आले, याचं उत्तर शोधत गेलं की त्या वर्गापाशी येऊन थांबावं लागतं. 1928 मध्ये सर ही पदवी घेऊन वानलेस निवृत्त झाले, 1933 मध्ये कॅलिफोर्नियात वारले. सांगली-मिरजेच्या मध्ये क्षयरुग्णांसाठी त्यांनी काढलेल्या ठाण्याची वस्ती वानलेसवाडी म्हणून अजून नांदते. आमच्याकडे 'वाडी' हा मान परक्याला सहज मिळत नाही.

वानलेस चाळीसेक वर्षं राहिले. त्यांची पहिली पत्नी इथेच गेली. पेशंटशी ते मराठीत बोलत. एवढं असूनही मिशनचा बंगला वेगळा होता, आवार वेगळं होतं, वर्षाचा अहवाल न्यूयॉर्कला जात होता. मिशनकडे आले ते बहुतेक महार-मांग समाजातले लोक. त्यांनी तांदळाच्या पोत्यासाठी धर्म सोडला असं म्हणणारे आमच्याकडे आजही भेटतात, आणि मला त्यांची चीड येते. गावाच्या पाणवठ्यावर ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या पोराला कुणी बाकावर बसवलं, पाटी दिली, नावाने हाक मारली, तर तो त्या माणसाकडे जाईल नाहीतर काय करेल? गावाने दार लावून घेतलं होतं हे आधी कबूल करावं आणि मग मिशनऱ्यांचा हिशेब मागावा. पण तो मागायचा मात्र आहे. ज्या मैत्रीच्या शेवटी एक अपेक्षा ठेवलेली असते, ती अपेक्षा समोरच्याला पहिल्या दिवसापासून दिसत असते. गरीब माणूस याबाबतीत फार हुशार असतो, कारण त्याला प्रत्येक देणाऱ्याचा अदमास घेऊनच जगावं लागतं. साहेबाला काय ऐकायला आवडतं हे त्याला आठ दिवसांत कळतं. मग तो तेच ऐकवतो, आणि साहेबाला वाटतं, मन मोकळं केलं. यात फसवणूक कुणाची झाली हे ठरवणं कठीण आहे. म्हणूनच मी तुमच्या पोरांना सांगेन, श्रद्धेबद्दल बोलायचं असेल तर उघड बोला, या देशात त्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा आहे, तो घेऊन या. पर्यटक म्हणून येऊन खेळाच्या तासात मधेच प्रार्थना सरकवू नका. त्याने तुमचं पुण्य वाढत नाही आणि इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना, जी चार-पाच पिढ्या गावात राहतात, नंतर शेजाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसावं लागतं. तुम्ही विमानात असता.

मुक्कामच सगळं करतो असंही नाही. द्वारकानाथ कोटणीस हा आमचा सोलापूरचा मुलगा 1938 मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. पाच डॉक्टर गेले होते, त्यात नागपूरचे चोळकरही होते. कोटणीसांनी चिनी भाषा शिकली, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, शिकवलं, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि 1942 च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचा अंत झाला. अवघी चार वर्षं. कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. युद्धात सापडलेल्या शेतकऱ्यांना डॉक्टर हवा होता आणि हा डॉक्टर होता. चीनमध्ये अजून त्यांची समाधी जपली जाते. दोन देशांचं कितीही बिनसो, त्या समाधीवर फुलं जातात.

उलट दुरून केलेल्या मैत्रीचंही एक उदाहरण घ्या. तुमच्याकडच्या कंपॅशन इंटरनॅशनल या संस्थेमार्फत अमेरिकेतली कुटुंबं भारतातल्या लाखावर मुलांना दरमहा पैसे पाठवत. मुलं पत्रं लिहीत, तिकडून वाढदिवसाची कार्डं येत. परकीय निधीचे नियम कडक झाल्यावर 2017 मध्ये संस्थेला भारतातलं काम बंद करावं लागलं. सरकारचं बरोबर की संस्थेचं, या वादात मी पडत नाही. मला दिसतं ते एवढंच की एका परवानगीच्या कागदावर लाखभर मैत्र्या टांगलेल्या होत्या आणि मुलांना त्याची कल्पना नव्हती. शाळेत पोस्टमन आला की पुढे पळणाऱ्या पोराला काय सांगायचं? मास्तर म्हणून मला हा प्रश्न छळतो.

तर मग यायचंच नाही काय? या की. पण जामखेडला जाऊन आधी बघा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातलं हे दुष्काळी गाव. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे, वेल्लोरला शिकलेलं ख्रिस्ती जोडपं, 1970 मध्ये तिथे कामाला बसलं. त्यांनी गावोगावच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या, बहुतेक दलित आणि गरीब घरच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, पाणी, सगळं त्या बायका बघू लागल्या. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला भावतं ते पुढचं. आता देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत याच बायका असतात. अमेरिकेतला एमडी वहीत लिहून घेतोय आणि लुगडं नेसलेली बाई सांगतेय की सासू तयार नसेल तर सुनेला लस कशी टोचायची. इथे पाहुण्याला काही येत नाही हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे दोघंही मोकळी होतात.

तुमचे पंधरा दिवसांचे जथे तुम्हाला थांबवता येणार नाहीत, ते अनेक चर्चं आपापल्या बळावर पाठवतात, हे मला समजतं. पण जी मुलं तुमचं ऐकतात त्यांना असं पाठवा. कुणाच्या तरी हाताखाली. कोडोलीच्या नर्सबाईच्या, चंदगडच्या काजू बागेतल्या मुकादमाच्या, गडहिंग्लजच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या मावशीच्या. ती सांगेल तेव्हा उठायचं, ती देईल ते खायचं, तिच्याकडून बोलणी खायची. सहा महिन्यांत मराठी आली नाही तर नुसतं बसून ऐकायचं. भिंती आमच्याकडे रंगवता येतात, रंगारी बेकार बसलेत.

तुमच्या मिशनऱ्यांच्या मुलांनी हे न शिकवता केलं होतं. वेंगुर्ल्याला तुमच्या मिशनच्या डॉक्टरांच्या घरी 1919 मध्ये रॉबर्ट गोहीन जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परत आला. अशी मुलं आयाबायांच्या कडेवर वाढली, त्यांच्या भाषेत रडली, गड्यांबरोबर माशाला गेली. त्यांना मैत्री करायची नव्हती, ती होत होती. त्या आयांची नावं मात्र कुठे छापलेली मी पाहिली नाहीत.

आणि माझी खरी मागणी इथेच आहे. फिलाडेल्फियाला तुमच्या चर्चचं ऐतिहासिक दप्तर आहे, प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी. तुमच्या परदेशी मिशनांची पत्रं, अहवाल, हजेऱ्या, फोटो तिथे नीट लावून ठेवलेले असतात. आमच्या पश्चिम हिंदुस्थान मिशनच्या कागदांतली माणसं आमची आहेत. वाइल्डर, वानलेस यांची नावं आम्हाला मिळाली. त्यांच्या शाळेत पन्नास वर्षं शिकवणारे मराठी मास्तर, ऑपरेशनच्या टेबलापाशी कंदील धरणारे कंपाउंडर, घरोघर जाऊन वाचायला शिकवणाऱ्या बायका, वॉर्ड झाडणारे, टांगेवाले, स्वयंपाकी, यांची नावं पगारपत्रकांत असणार. फोटोखाली 'नेटिव्ह हेल्पर' एवढंच लिहिलेलं असेल तर तो फोटोही हवा, नाव आम्ही शोधू.

या सगळ्याच्या प्रती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला द्या. एक प्रत मिरजेला ठेवा आणि एक कोडोलीला, चर्चमध्ये किंवा ग्रामपंचायतीत, जिथे म्हाताऱ्या माणसाला रिक्षाने जाऊन बघता येईल तिथे. संगणकावर टाकून मोकळं होऊ नका. फोटो मोठे करून कागदावर छापून पाठवा, खाली दोन ओळी कोऱ्या सोडून. काम करायला माणसं हवी असतील तर तुमच्या त्या स्वयंसेवकांतली चार पाठवा. आमच्या कॉलेजची पोरं त्यांच्या जोडीला देतो. घरोघर फोटो घेऊन जायचं, बसायचं, विचारायचं. मिशनच्या दवाखान्यात आणि शाळेत ज्यांचं बालपण गेलं ती माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. 'याच पिढीत' हे शब्द तुम्हाला पुन्हा वापरायचे असतील तर या कामाला वापरा. पुढच्या पावसाळ्याआधी पहिलं खोकं आलं तर उत्तम, कारण पावसात आमच्याकडे कागद टिकत नाहीत.



आपला,
एक निवृत्त शाळामास्तर,
नेसरी, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर